आरशाचा अर्धा स्टॉप आणि लष्करातली एक बैठक

तक्रार आली ती निकालासकटच. रविवारी सकाळी भाचा आला, चपला काढायच्या आधी लॅपटॉप दिवाणावर ठेवला आणि म्हणाला, "मामा, कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकू की नको, एवढंच सांगा. तीस टक्के लाईट खातो तो. बघा काय हालत केलीय."

फोटो होते ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यातल्या बैठकीचे. डिसेंबरात इकडे हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी समारोह भरतो. शहनाई, हरिकथा आणि मीलादने त्याची सुरुवात होते, मंचावर भरपूर उजेड असतो, फोटोवाल्यांची गर्दीही असते. पण गाणं ऐकायचं तर माजघरात, सतरंजीवर, पंचवीस-तीस माणसांत, असं मानणारी मराठी घरं ग्वाल्हेरात अजून आहेत. अशाच एका घरी खयालाची बैठक होती. घरच्या काकूंनी भाच्याला बजावलं होतं, "दोन-चार चांगले फोटो काढ, पण मध्ये मध्ये करू नकोस." पैशाचा व्यवहार नव्हता. शाळांचे क्रिकेटचे आणि हॉकीचे सामने काढणारा मुलगा अशी त्याची ओळख. गाण्याला कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं, म्हणून जिवाला लागलं होतं.

फोटो खरंच वाईट होते. मी चाळीसेक पाहिले. गाणाऱ्या बाईंच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे. मागच्या भिंतीवरच्या दोन पिवळ्या दिव्यांभोवती दूध सांडल्यासारखी धुरकट पांढरी, आणि ती पसरत पसरत बाईंच्या केसांपर्यंत आलेली, त्यामुळे काळा रंग काळा राहिलाच नव्हता. तबलजीचा उजवा हात म्हणजे नुसता फराटा. आणि एक मजेदार गोष्ट भाच्यानेच मोठी करून दाखवली: बाईंच्या कानातल्या कुडीचा हिरा एका जागी लखकन चमकला होता, आणि त्याच्या अगदी शेजारी, उभ्या रेषेत जरासा सरकून, त्याचंच फिकट पिल्लू.

चारही गुन्हे एकाच आरोपीवर लावून तो मोकळा झाला होता. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं काढली आहेत. चार दोषांना एकच कारण सांगितलं की माझा हात आपोआप प्रयोगवहीकडे जातो.

आरसा करतो काय

साध्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे भिंग बदलता येणाऱ्या नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात, आरसा भिंगाच्या मागे तिरका उभा असतो आणि प्रकाश वर, डोळ्याकडे पाठवतो. त्याचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो; तिथून थोडा प्रकाश पलीकडच्या छोट्या आरशावर पडून खाली फोकसच्या सेन्सरकडे जातो. बटण दाबलं की दोन्ही आरसे उडी मारून वर जातात, शटर उघडतं, फोटो होतो, आरसे परत खाली. मुख्य सेन्सरला सगळा प्रकाश मिळतो, पण तेवढ्या वेळात फोकसचा सेन्सर आंधळा, बघणाराही आंधळा, वर तो 'खटाक्' आवाज.

भाच्याच्या सोनी कॅमेऱ्यात आरसा उडी मारतच नाही. जागेवर स्थिर असतो. त्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ७० टक्के आरपार मुख्य सेन्सरवर जातो आणि ३० टक्के वर, फोकसच्या सेन्सरकडे. डोळ्याला जे दिसतं ते मुख्य सेन्सरवरूनच, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये. म्हणजे फोटो चालू असतानाही फोकसवाला टक लावून बघत असतो. धावत येणाऱ्या सेंटर फॉरवर्डवर सेकंदाला दहा फोटो आणि प्रत्येकात फोकस नव्याने, ही करामत त्या ३० टक्क्यांच्या जिवावर.

कल्पना नवी नाही. कॅननने १९६५ साली पेलिक्स नावाचा कॅमेरा काढला, त्यात ०.०२ मिलिमीटर जाडीच्या मायलार पडद्याचा स्थिर आरसा होता. ६५ टक्के फिल्मला, ३५ टक्के डोळ्याला. डोळ्याच्या बाजूने प्रकाश उलटा आत शिरून फिल्म खराब करेल म्हणून मागच्या खिडकीला एक छोटा पडदाही बसवलेला होता. व्ह्यूफाइंडर अर्थातच अंधारा. पुढे १९८९ चा ईओएस आरटी आणि १९९५ चा ईओएस-१एन आरएस याच वाटेने गेले. दुसरा तर फिल्मवर सेकंदाला १० फोटो काढायचा. मग सोनीने २०१० मध्ये अल्फा ३३ आणि ५५ आणून हाच आरसा डिजिटलमध्ये बसवला. (त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला आमच्या रूपसिंह स्टेडियमवर सचिनने नाबाद २०० केल्या होत्या. बाउंड्रीवरचे सगळे मोठमोठे कॅमेरे उड्या मारणाऱ्या आरशाचे होते, आणि एकानेही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.)

भाच्याने आपला कॅमेरा सामन्यांसाठी सेकंडहँड घेतला होता: २४ मेगापिक्सेल, चांगल्या स्थितीत, बरोबर १९८५ च्या पिढीचा मिनोल्टाचा ७०-२१० झूम, एफ ४ (हा आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं). मिनोल्टाचा हाच माउंट, म्हणजे भिंग बसवायची खोबण, पुढे सोनीने चालवला, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची भिंगं त्यावर फोकससकट चालतात. घेताना मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. तेव्हा थोडी जबाबदारी माझीही होती.

पहिलं मोजमाप

"तीस टक्के" हा आकडा कानाला भयंकर लागतो. दुधात तीस टक्के पाणी म्हटलं की गवळ्याला कोण सोडेल? पण फोटोचा हिशेब दुपटीचा असतो. प्रकाश अर्धा झाला तर एक स्टॉप गेला. ७० टक्के उरला म्हणजे अर्ध्या स्टॉपपेक्षा केसभर जास्त गेला, ०.५१. भाच्याला मी म्हटलं, "आधी बघू तरी, खातो म्हणतोस तेवढा खातो का."

खिडकीतून ऊन सरळ आत येत नव्हतं, समोरची चुन्याची भिंत एकसारखी उजळलेली. कॅमेरा स्टँडवर, सगळं मॅन्युअल, फोकससुद्धा. एक रॉ फाइल (सेन्सरवरून आली तशी, कॅमेऱ्याने न सजवलेली) आरसा जागेवर असताना. मग भिंग काढलं, चौकटीची खिट्टी दाबून आरसा वर उचलला (सेन्सर साफ करता यावा म्हणून ही सोय असते), भिंग परत लावलं, दुसरी फाइल. दोन्हींतल्या मधल्या तुकड्याच्या हिरव्या चॅनेलची सरासरी, काळी पातळी वजा करून. खालच्याला वरच्याने भागलं तर उत्तर सत्तरच्या जरा खाली. चार वेळा केलं, चारदा तेच.

म्हणजे आरसा खातो, आणि सांगितल्याइतकाच खातो. भाचा विजयी मुद्रेने बघायला लागला.

आता दाण्यांचं गणित. प्रकाश म्हणजे मोजता येणारे कण. एका पिक्सेलवर १००० कण पडले तर त्यात वर्गमुळाएवढा, म्हणजे ३२ च्या आसपास, नैसर्गिक चढउतार असतोच. संकेत आणि चढउतार यांचं प्रमाण ३१.६. आरशामुळे ७०० च पोचले तर प्रमाण २६.५. सोळा टक्के घट. कॅमेरा बाहेर सांगतो आयएसओ (उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) ३२००, आणि फोटो तेवढाच उजळ देतो, पण ७० टक्क्यांचे १०० करायला आतून जवळजवळ दीडपट जास्त वाढवतो. त्यामुळे दाणे ३२०० चे नसतात, साडेचार हजाराचे असतात. फरक डोळ्याला दिसतो का? शेजारी शेजारी ठेवून मोठा केला तर दिसतो. एकटा फोटो दाखवला तर मी तरी ओळखणार नाही. बाईंच्या गालावरचा रवा अर्ध्या स्टॉपने सांडलेला नव्हता.

धूर कुठून आला

मला खरी शंका त्या दुधाळ पांढरीची होती. आरशाने प्रकाश कमी केला तर तो सगळ्या फोटोत सारखाच कमी होणार. कॅमेरा मुख्य सेन्सरवरूनच मीटरिंग करतो, तेव्हा भरपाईही आपसूक होणार. काळ्या केसांवर पांढरी साय चढवणं हे कमी प्रकाशाचं काम नाही. ते भलतीकडे गेलेल्या प्रकाशाचं काम आहे.

भिंग काढलं, कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे केलं आणि हळूहळू तिरकं करत गेलो. समोरून बघताना आरसा स्वच्छ. एका विशिष्ट कोनात मात्र त्याच्यावर धनुष्याच्या आकाराचे तीन-चार पट्टे उमटले, पुसलेल्या फळ्यावर ओल्या फडक्याचे ओघळ दिसतात तसे. एका कोपऱ्यात ओघळ वाळून त्याची कड राहिली होती.

"हे काय?"

भाचा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "बैठकीच्या आधी साफ करून घेतला होता. म्हटलं नीट जाऊ दे."

कुठल्या दुकानात ते विचारलं, पण इथे लिहीत नाही. त्या माणसाने कदाचित आयुष्यात साधे डीएसएलआरच साफ केले असतील. सेन्सरवर चालतो तोच स्वॅब आणि तोच द्राव त्याने समोर दिसणाऱ्या चकचकीत गोष्टीवर फिरवला. हा आरसा म्हणजे ताणून बसवलेला पातळ पडदा, त्यावर नाजूक लेप. त्याला हात लावू नये, हवेच्या रबरी ब्लोअरपलीकडे काही करू नये. पेलिक्सच्या जमान्यापासून या जातीचं हेच दुखणं आहे. उडी मारणाऱ्या आरशावर डाग पडला तर व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो, फोटोत येत नाही. स्थिर आरशाचा प्रत्येक ओरखडा फोटोच्या वाटेत उभा असतो. आणि तो सेन्सरपासून बराच दूर, फोकसच्या बाहेर असल्यामुळे ठिपका म्हणून दिसत नाही. दिसला असता तर पोरगा पहिल्याच फोटोला सावध झाला असता. तो नुसता कॉन्ट्रास्ट खातो, आणि समोर उघडा दिवा असेल तेव्हाच पोटभर खातो. दिवसा, सूर्य पाठीशी घेऊन काढलेल्या सामन्यांत काहीच कळलं नव्हतं.

दुसरा आरोपी सापडला. निम्म्याहून जास्त बदनामी याची होती.

कुडीचं पिल्लू

हिऱ्याच्या जोडीदाराला मात्र साफसफाईवाला जबाबदार नाही. तो आरशाचा जन्मजात दोष. पडद्याला दोन पृष्ठं असतात. आरपार निघालेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग मागच्या पृष्ठावरून परत फिरतो, पुढच्या पृष्ठावर आपटून पुन्हा सेन्सरकडे येतो, आणि मूळ वाटेपासून जरा सरकलेला असतो.

किती सरकतो याचा मी अंदाज काढला, कारण अशा वेळी मला स्वस्थ बसवत नाही. पडदा ४५ अंशांत धरला आणि अपवर्तनांक दीड, तर सरकणं जाडीच्या पाऊणपट येतं. पेलिक्ससारखा २० मायक्रॉनचा पडदा धरला तर १५ मायक्रॉन. भाच्याच्या सेन्सरवरचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे चार पिक्सेल. आरशाऐवजी एक मिलिमीटरची काच बसवली असती तर पिल्लू पाऊण मिलिमीटर, जवळजवळ १९० पिक्सेल लांब गेलं असतं, आणि तिरप्या काचेतून जाणाऱ्या शंकूच्या आकाराच्या प्रकाशाने सगळा फोटो वेगळाच बिघडवला असता. एवढा नाजूक, पुसता न येणारा पडदा का वापरतात याचं उत्तर इथे आहे.

आणि किती फिकट? एका पृष्ठावरून ३० टक्के, दुसऱ्यावरून समजा ५ टक्के परत फिरत असेल तर गुणाकार दीड टक्का. सहा स्टॉप खाली. चेहऱ्यावर, साडीवर, सतरंजीवर दीड टक्क्याचं पिल्लू चार पिक्सेलांवर असलं तर देवालाही दिसणार नाही. ते दिसायला मूळ ठिपका शेजाऱ्यांपेक्षा शेकडो पटींनी उजळ हवा आणि आकाराने टिचभर हवा. मागच्या दिव्याचं स्वतःचं पिल्लू दिव्याच्या पसाऱ्यातच बुडून गेलं होतं. कुडीतला हिरा नेमका दोन्ही अटींत बसला. शहराच्या रात्रीच्या देखाव्यांत, आतषबाजीत हे त्रास देतं. इथे चाळीस फोटोंत ते एकाच फोटोत होतं. काकू फोटो शंभर टक्के मोठा करून बघणार नव्हत्या.

हाताचा फराटा, आणि कपाटातलं भिंग

आता तबलजी. फाइलमधली नोंद वाचली: एफ ४, शटर १/६० सेकंद, आयएसओ ३२००, झूम २००वर. आरसा नसता तर १/६० चं १/९० झालं असतं. द्रुत लयीतला तबल्यावरचा हात १/९० ला थांबत नाही. त्याला १/५०० च्या घरात जावं लागतं, आणि त्या खोलीत ते कुणाच्याच कॅमेऱ्याला जमलं नसतं. हा फराटा आरशाच्या खात्यावर टाकणं म्हणजे उगीच.

मी विचारलं, "एफ ४ चा झूम का नेलास?"

"मागे बसलो होतो ना. पार दाराशी."

"दाराशी का?"

"आवाज होतो म्हणून. काकूंनी सांगितलेलं, मध्ये मध्ये करू नकोस."

इथे मी वही बंद केली. प्रकरणाचा गाभा हाती आला होता आणि तो भौतिकशास्त्राचा नव्हता.

माझ्या फिल्मच्या दिवसांतलं मिनोल्टाचं ५० एमएम एफ १.७ भिंग मी त्याला कॅमेऱ्याबरोबरच देऊन टाकलं होतं. ते त्या रात्री त्याच्या कपाटात होतं. एफ ४ वरून एफ २ वर आलं तर प्रकाश चौपट, पूर्ण दोन स्टॉप. आरशाने अर्धा घेतला म्हणून हा रडत होता, आणि त्याच्या चौपट ऐवज घरी कुलपात ठेवून गेला होता. ५० एमएमने बाईंचा चेहरा भरायचा तर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसावं लागलं असतं, आणि तिथे बसायला तो घाबरला आवाजाला.

पण आवाज कशाचा? या कॅमेऱ्यात आरसा हलतच नाही. 'खटाक्'मधला मोठा वाटा आरशाच्या उडीचा. तो इथे नाहीच. उरतो शटरचा. त्यातही पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक करायची सोय मेनूत आहे. मी बघितलं तर ती बंद होती. चालू केली आणि लॅपटॉपचा पंखा चालू असलेल्या खोलीत एक फोटो काढला. मामी स्वयंपाकघरातून विचारते, "झाला का काढून?" तिला ऐकूच आलं नव्हतं. तिच्या कानांचा भरवसा नाही, हे खरं. पण तिसऱ्या रांगेतून तानपुऱ्याच्या झंकारात तो आवाज हरवून गेला असता.

म्हणजे ३० टक्के प्रकाश देऊन त्याने दोन गोष्टी विकत घेतल्या होत्या: धावत्या गोष्टीवर न तुटणारा फोकस, आणि शांतता. गाणाऱ्या बाई मांडी घालून बसलेल्या, फोकस एकदा लागला की लागला; पहिली गोष्ट त्या खोलीत बिनकामाची. दुसरी अगदी नेमकी कामाची होती, ती त्याने न वापरता दारातच सोडली. दाम मोजला आणि पिशवी दुकानातच विसरून आला.

मला इथे आरशावर जी टीका नेहमी होते तिच्याबद्दल एक बोलायचं आहे. प्रकाश कमी होतो ही गोष्ट खरी, मोजता येणारी, म्हणून सगळे तिला धरून बसतात. पण याच आरशाची दुसरी एक अट मला जास्त जाचक वाटते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. फोकसचा सेन्सर भिंगातूनच बघतो. ॲपर्चर बंद केलं की त्यालाही कमी दिसतं. म्हणून अल्फा ५५ सारख्या कॅमेऱ्यात दहाच्या वेगाने आणि सलग फोकस लावत फोटो काढायचे तर ॲपर्चर एफ ३.५ ला, किंवा भिंगाचं त्याहून लहान तोंड असेल तर पूर्ण उघडं, असं बांधलेलं असतं. भर दुपारच्या हॉकीत एफ ८ हवं असताना हे नडतं, आणि तिथे उजेडाची काही टंचाई नसते. अर्धा स्टॉप ही निव्वळ संख्या आहे; ही अट हातच बांधते.

काढून टाकायचा का

भाच्याचा मूळ प्रश्न शिल्लक होता. आरसा चौकटीसकट निघतो, लोक काढतातही. काढला तर अर्धा स्टॉप परत, पिल्लू गेलं, धूर गेला. आणि ऑटोफोकसही गेला, कारण वरच्या सेन्सरकडे प्रकाश पाठवणारं कुणी उरणार नाही. सामने काढणाऱ्या माणसाने ते करणं म्हणजे सायकलचं वजन कमी करायला साखळी काढणं. त्यात भिंग बदलताना आत आलेली धूळ आता थेट सेन्सरवर बसणार.

"मग नवा मिररलेस घेतो," तो म्हणाला. घे की. आज तोच सरळ रस्ता आहे. फोकस ओळखणारे पिक्सेल आता मुख्य सेन्सरवरच पेरलेले असतात, प्रकाश वाटून घ्यायला आरशाची गरजच राहिली नाही. सोनीने स्वतःही तिकडे मोर्चा वळवला आणि २०२१ पर्यंत जुन्या माउंटचे कॅमेरे यादीतून गेले. पण त्याची दोन्ही भिंगं जुनी, कॅमेऱ्यातल्या मोटरने स्क्रू फिरवून फोकस होणारी. ती नव्या कॅमेऱ्याला लावायची तर अॅडॉप्टर आला. सोनीच्या एलए-ईए३ अॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, म्हणजे हाताने फोकस. एलए-ईए४ मध्ये मोटर आहे, आणि तिच्या जोडीला आत काय आहे? हाच अर्धपारदर्शक आरसा. २०२० च्या एलए-ईए५ मध्ये आरसा नाही आणि मोटर आहे, पण ती मोटर मोजक्याच नव्या कॅमेऱ्यांवर चालते. हिशेब मांडला तेव्हा त्याच्या दोन वर्षांच्या सामन्यांची कमाई त्यात जात होती. तो विषय त्याने स्वतःच मिटवला.

शेवटी आम्ही केलं ते असं. डागाळलेला आरसा चौकटीसकट बदलून घेतला. बाहेरगावाहून मागवावा लागला आणि तेवढे दिवस भाच्याला दोन सामने सोडावे लागले. नव्या आरशाला फक्त ब्लोअर, तोही कॅमेरा उपडा धरून. रॉमध्ये काढायची सवय लावली. सामन्यांना झूम, बैठकीला ५० एमएम.

आणि काकूंकडे मी स्वतः गेलो. फोटोंबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे बघून झाले होते. मी दिव्यांचं विचारलं. मागच्या भिंतीवर दोन दिवे का, समोर का नाहीत? तर खोलीत मुळात ट्यूबलाइट आहे, पण तिच्या चोकची घूं सुराशी भांडते म्हणून बैठकीला ती बंद असते, आणि भिंतीवरचे दिवे हे आजेसासऱ्यांच्या वेळेपासून तिथेच आहेत. चोकची घूं १०० हर्ट्झची असते, आणि ती सुरांत कुठेतरी खुपणारच. त्यामुळे काकूंशी वाद घालायला जागा नव्हती. मी म्हटलं, दिवे राहू देत, फक्त त्यांच्यावर आपल्या जुन्या कंदिलांसारखं बटरपेपरचं टोपण घालू, आणि एक उभा दिवा इकडे, हार्मोनियमवाल्याच्या मागून, बाईंच्या चेहऱ्यावर.

"डोळ्यात जाईल त्यांच्या."

"भिंतीकडे तोंड करून ठेवू. भिंत पांढरी आहे."

त्यांनी विचार केला आणि हो म्हटलं. पुढच्या बैठकीला भाचा तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. एफ २, १/१२५, आयएसओ १६००. विलंबित चालू असेपर्यंत मला एकदाही क्लिक ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायलाच बसलो होतो. मध्यंतरात त्याने मागच्या पडद्यावर एक फोटो दाखवला: बाईंचा हात वर गेलेला, डोळे मिटलेले, केस काळेभोर. मी सवयीने मोठा करून कानाकडे गेलो.

"मामा, आज त्यांनी कुड्या घातल्या नाहीयेत," तो म्हणाला.